रिकामा रकाना

वर्तमानपत्रात रोजचं 'दिनविशेष' लिहिणाऱ्या उपसंपादकाने आठ वर्षांची मुलगी दत्तक घेतली. तिची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेच्या अर्जावर ती लिहायची होती, म्हणून त्याने आपली वर्षभराची फाइल तिच्यापुढे ठेवली.

"चिमणे, यात राजे आहेत, शास्त्रज्ञ आहेत, नटनट्या आहेत. ज्याच्या जोडीने वाढदिवस हवा, तो दिवस घे."

चिमणी दुपारभर पानं उलटत बसली. शेवटी तिने एका पानावर बोट ठेवलं.

"अगं, इथे जन्माचा रकाना रिकामाच आहे. नुसत्या पुण्यतिथ्या!"

"म्हणूनच. त्या दिवशी सगळे गेलेच आहेत, बाबा. कुणीतरी यायला नको का?"

त्याने अर्जावर ती तारीख लिहिली. अक्षर काही नेहमीसारखं सुबक आलं नाही.