पंचाहत्तरीची भेट

पेन्शनचं खातं उघडायचं तर आधी स्वतःच्या म्हातारपणाला भेटायचं, असा आता नियमच होता. रक्त आणि सवयी तपासून यंत्र पंचाहत्तरीतल्या तुम्हालाच पडद्यावर उभं करी. त्या भेटीनंतर माणसं जास्त बचत करतात, असं संशोधनात दिसलं होतं.

शर्वाणी सहा महिन्यांच्या ईराला मांडीवर घेऊन बसली. पडद्यावरची म्हातारी तिच्यासारखीच मान कलती करून हसली.

"केवढी जाड होणारे मी," शर्वाणी पुटपुटली.

"डिंकाचे लाडू कुठे सोडलेस तू," म्हातारी म्हणाली.

शर्वाणीला हसू फुटलं. तिने लेकीला पुढे धरलं. "ओळख बघू, ही कोण?"

म्हातारीने कौतुकाने पाहिलं. "गोड आहे गं. कुणाची?"

शर्वाणीने ईराला पुन्हा छातीशी ओढलं. शेजारी बसलेल्या संशोधक हिमांगीने मान खाली घातली. "स्मृती जाईल, असं रक्तात दिसतंय, ताई. दरमहा किती बाजूला टाकायचे?"

ईराने आईचं बोट घट्ट धरलं होतं.

"तेव्हा जी बाई मला सांभाळेल," शर्वाणी कशीबशी म्हणाली, "तिने रोज सकाळी मला सांगायचं, ईरा तुझी आहे म्हणून. तेवढ्याला किती लागतील?"