फोमचा तिसरा थर

स्टँडवर फोमचा तिसरा थर घालून आम्ही माशांची टाकी पुन्हा ठेवली, तरी पाणी तिरकंच राहिलं. आजारी लेकीच्या पलंगाकडच्या काचेवर ते चार बोटं वर चढलं होतं.

सुताराने स्टँडवर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मध्यावर होता.

"ताई, स्टँड सरळ आहे. पाणीच वाकडं असेल तर त्याला काय रंधा मारू?" तो हसत म्हणाला आणि काचेकडे पाहून घाईघाईने हत्यारं गोळा करू लागला. मजुरी न घेताच गेला.

मी पलंग समोरच्या भिंतीला ओढला. पाणी हळूहळू फिरलं आणि त्या बाजूला चढलं.

"तिला आतल्या खोलीत घे," नवरा म्हणाला. हाताला लागेल तो फोम तो टाकीखाली कोंबत होता.

मी तिला उचलायला वाकले. तिने माझा दंड घट्ट धरला.

"आई, सोडू नकोस ना. मी घसरतेय."

"कुठे गं, राणी? पलंग सपाट आहे."

तिने टाकीकडे बोट दाखवलं. उशीवरचे तिचे केस त्याच दिशेला ताणले गेले होते.