एकाच भिंतीची ओल

सासऱ्यांच्या घरातली बुरशी दोनदा काढून झाली, तरी पलंगामागची भिंत पुन्हा ओली लागली, तेव्हा सुनेच्या मनात पाल चुकचुकली. नळ फुटून घरभर पाणी झाल्यापासून सासरे तिच्याकडेच राहत होते. तिने कारागिराला फोनवर फैलावर घेतलं.

"नुसता रंग फासून गेलात ना?"

"नाही हो ताई! बाकीच्या भिंती बघा, खडखडीत वाळल्यात. ही एकच कशी ओलावते, मलाही कळेना."

तिचा काही विश्वास बसला नाही. याची लबाडी उघडी पाडायचीच, म्हणून दुपारी ती कुणाला न सांगता तिथे गेली. दार नुसतंच लोटलेलं होतं आणि आतून पाण्याचा आवाज येत होता. तिने हळूच डोकावून पाहिलं. फिरायला जातो म्हणून घरातून निघालेले सासरे पलंगामागे वाकून, बादलीतलं फडकं भिंतीवर पिळत होते.

ती आल्या पावली मागे फिरली. वाटेत तिने कारागिराची माफी मागितली.

संध्याकाळी चहा पिताना सासऱ्यांनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "वाळलं का गं घर? म्हणजे मला निघायची तयारी करायला बरं."

"कसलं वाळतंय, बाबा! त्या भिंतीचं काही खरं नाही," ती म्हणाली. "तुमचं कपाट मी उद्या इकडेच आणून घेते."