वाढव

आप्पांच्या दंडातून, कातडीखालून काढलेला इन्सुलिनचा पंप वैजूच्या टेबलावर पडला होता. सुपारीएवढा. बोललेलं ऐकून डोस कमीजास्त करणारा आणि तिच्याच आवाजात उत्तर देणारा हा पंप तिनंच घडवला होता, आणि पहिला वडिलांनाच बसवला होता.

तेराव्यानंतर तिनं धीर करून त्यातलं शेवटचं बोलणं लावलं.

"वैजू, आज जेवण जात नाही गं," आप्पांचा भरदुपारचा दमलेला आवाज आला. "उपाशीच पडतो जरा. तू आता वाढव."

चाळीस वर्षं आप्पांनी बांगड्यांचं दुकान चालवलं. बांगडी फुटली तरी ते 'वाढवली' म्हणायचे. रोज दुपारी जेवायला उठताना 'वैजू, दुकान वाढव गं' म्हणायचे. 'बंद कर' असं अशुभ त्यांच्या तोंडून कधी निघालंच नाही. हे तिला ठाऊक नव्हतं? पाळण्यात असल्यापासून ती ऐकत आली होती. पण पंपाला शब्द शिकवताना 'वाढव'पुढे तिनं एकच अर्थ लिहिला होता: जास्त कर.

पंपातून तिचाच हसरा आवाज आला, "वाढवलं हं, आप्पा."

"गुणाची गं माझी पोर," आप्पा म्हणाले, आणि खाट करकरली.