चौदावी ओळ

चौदाव्या ओळीच्या आधी सात मोकळ्या जागा होत्या. एरवी चार असतात, फार तर आठ. सात कुणी सोडत नाही. ओर्तेन्सियाबाईंनी कर्सर सरकवत त्या पुन्हा मोजल्या आणि पुढचा प्रोग्रॅम उघडला. सात. दुपारपर्यंत बावीस विद्यार्थ्यांचे बावीस प्रोग्रॅम बघून झाले. सगळीकडे सात.

त्यांनी तुकडीच्या प्रतिनिधीला बोलावलं. जोर्दी नवं कोरं जाकीट घालूनच आला. पेरूमधल्या आरेकिपात डिसेंबरच्या उन्हाळ्यात जाकीट लागत नाही.

"ही ओळ काय करते?"

जोर्दीनं पडद्याकडे पाहिलं. "चालते, प्रोफे."

"काय चालतं?"

"प्रोग्रॅम. ही काढली की बंद पडतो. म्हणून ठेवली."

तीन वर्षं शिकून हा एवढं शिकला होता. बाईंना राग आला नाही. बशीत पडलेल्या माशीकडे पाहावं तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"कुठून उचललात?"

"फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्या सेन्योराकडून. तिच्याकडे सगळं सोडवलेलं मिळतं. तुमचा विषय निळ्या फायलीत."

तेवढ्यात संचालक, इंजिनियर साल्दीवार, आत आले. गुणांची यादी त्यांच्या हातात होती.

"ओर्तेन्सिता, सही राहिलीय. संध्याकाळी समारंभ आहे, पोरांचे आईबाप गावाहून निघालेत."

"बावीस जणांनी एकच प्रोग्रॅम दिलाय, इंजिनियर."

"नऊ वर्षं तुम्ही एकच प्रश्न देताय." साल्दीवार हसले. "वीसपैकी तेरा लिहा. तेराला पास. दरवर्षी लिहिताच की."

ते खरं होतं. दर डिसेंबरला त्या पेन्सिलीनं शून्यं मांडायच्या आणि शाईनं तेरा करायच्या. पुढच्या वर्षी बघू, असं स्वतःला सांगायच्या.

"आणि जरा ते जाकीट बघा. जोर्दी, वळ रे."

जोर्दी वळला. पाठीवर सोनेरी दोऱ्यानं भरलं होतं: प्रोफेसोरा ओर्तेन्सिया चुकिवांका तुकडी.

बाहेर पडणारी प्रत्येक तुकडी एका शिक्षकाचं नाव घेते; ते संस्थेच्या भिंतीवर लागतं. सव्वीस वर्षांत ती नावं पार्टीत नाचणाऱ्यांची होती, पोरांना बिअर पाजणाऱ्यांची होती. एकदा तर वॉचमनचंही होतं. बाईंचं कधीच नव्हतं. यंदा ते आहे हे गेल्या महिन्यात कळलं, तेव्हा त्यांनी समारंभासाठी करड्या रंगाचा सूट शिवायला टाकला होता.

"नापास तुकडीला समारंभ नसतो," साल्दीवार म्हणाले. "मग हे नाव भिंतीवर लागायचं नाही. तुमचंच नुकसान."

बाईंनी ती सोनेरी अक्षरं वाचली. आडनावातलं एक अक्षर गळलं होतं.

"जोर्दी, माझं नाव कुणी सुचवलं?"

"आम्हाला गणिताच्या सरांचं हवं होतं, प्रोफे. पण..." त्यानं संचालकांकडे पाहिलं.

साल्दीवारांनी घड्याळ पाहिलं. "त्यात काय एवढं? म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही जरा नरम पडाल."

साल्दीवारांनी यादी टेबलावर ठेवली आणि खिशातलं पेन काढून बाईंसमोर धरलं.

ओर्तेन्सियाबाईंनी यादी उलटी फिरवून त्यांच्याकडे सरकवली.

"पेन तुमच्याच हातात राहू द्या, इंजिनियर. मी सांगते, तुम्ही लिहा. बावीस नावं, बावीस शून्यं."