रियालचा भाव

हरिदास वेल्डिंगच्या कामावर सौदीला गेला, तो दोन वर्षांच्या बोलीवर. वाळवंटातल्या त्याच्या कॅम्पात ना बाजार, ना पेपर. त्याने पाठवलेला रियालचा ड्राफ्ट वरोऱ्याच्या बँकेत वटला, की काय भाव मिळाला ते बायको, वच्छलाच, पत्रातून कळवी. पहिल्या वर्षी रियालला पावणेतीन रुपये मिळाले, दुसऱ्या वर्षी तीन. तेव्हा त्याचं उत्तर आलं, "भाव चढून राह्यला. असा टाइम पुन्हा येत नाई. आणखी एक वर्ष काढतो."

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात बँकेतल्या कारकुनाने साडेतीन सांगितले. म्हणजे आता तो आणखी राहणार, हे वच्छलाने ओळखलं. घरी येऊन तिने जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला खोटं लिहिलं, "रियाल पडला जी. दोनच रुपये भेटले. आता तिथी राहून काई फायदा नाई. या तुमी."

मग महिनाभर ती नुसती भिरभिरत होती. भिंती सारवल्या, त्याची सायकल पुसून अंगणात काढून ठेवली.

उत्तर आलं. "दोनच रुपये? मंग तर ठरवला तेवढा पैसा जमवाले लई टाइम लागन. आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही करून टाकली. तू घोर करू नको."

पुढचा ड्राफ्ट घेऊन ती बँकेत गेली, तर कारकून खुशीत म्हणाला, "बाई, भाव अजून वाढला!"

वच्छलाने खिडकीची जाळी धरून विचारलं,

"भाऊ, किती भाव झाला म्हंजे माणूस घरी येते?"