ईशान्येचा कोपरा

उपग्रहातून आलेले हिमनदीचे फोटो दरवर्षी जुळवायचे आणि बर्फ कुठे वितळला, कुठे सरकला ते नकाशावर दाखवायचं, हे तिचं काम. पण साहेबांना ढगांचं भारी वावडं, आणि ईशान्येचा कोपरा तर हट्टाने दरवर्षी ढगाखालीच. जणू ढग तिनेच आणून ठेवलेत, असे साहेब खेकसायचे.

"वरच्यांना काय ढग दाखवू? तिथे जुन्या फोटोतला स्वच्छ तुकडा लावा."

"निदान खाली तशी टीप तरी देते."

"टिपा कोण वाचतं, मॅडम?"

दगडावर डोकं आपटण्यापेक्षा तुकडा चिकटवलेला बरा, म्हणून यंदाही तिने तेच केलं.

आज साहेब भलतेच खुशीत आले. "मॅडम, गिर्यारोहकांच्या तळाला जागा मिळाली! सगळी हिमनदी हलतेय, पण ईशान्येच्या कोपऱ्यात तीन वर्षांत तसूभर फरक नाही. तुमच्याच नकाशांवरून ठरवलं. चाळीस जण सकाळीच वर पोचलेसुद्धा."

तिने कपाळावर हात मारला.

"साहेब, फरक दिसेल कसा? तिथे तीन वर्षं मी तोच तुकडा चिकटवतेय!"